हिशेबाच्या दप्तरातून आलेला शत्रू

मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे, न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. २७ जून २०१७ रोजी या बंदरातील एका टर्मिनलचे काम एकाएकी थांबले. याऱ्या शाबूत होत्या, कामगार हजर होते. वादळ नव्हते, संपही नव्हता. परंतु कोणती पेटी कोणाची, ती कोठे रचून ठेवली आहे आणि कोणत्या मालमोटारीवर चढवावयाची, हे सांगणारा संगणक मुका झाला होता. त्याच सुमारास नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे आणि अमेरिकेतील न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरही अशीच अवस्था झाली होती. बंदरांच्या दारांशी मालमोटारींच्या रांगा लागल्या होत्या आणि आपल्या मालाचे काय झाले, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

ही सारी टर्मिनले डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहातील. जगाच्या कंटेनर-वाहतुकीचा सुमारे पाचवा हिस्सा त्या काळी या एका समूहाच्या हाती होता. आणि मर्स्कच्या घरात हा उत्पात शिरला तो युक्रेन देशातील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून. न्हावा-शेवा कोठे आणि कीव्ह कोठे! हा संबंध कसा जडला, त्याची हकीकत श्रोत्यांना आज सांगावयाची आहे. ज्याच्या पेढीत, बँकेत, कारखान्यात किंवा शाळेच्या कचेरीत दुसऱ्याने तयार केलेले सॉफ्टवेअर चालते, अशा प्रत्येकाने ती ऐकावी असे मला वाटते. आणि असे सॉफ्टवेअर आज कोठे चालत नाही?

युक्रेनमधील व्यापारी संस्थांना आपली कराची विवरणपत्रे सरकारकडे संगणकामार्फत पाठवावी लागत. हे काम करून देणारे एम.ई.डॉक नावाचे सॉफ्टवेअर कीव्ह शहरातील एका कौटुंबिक कंपनीने तयार केले होते. आपल्याकडील व्यापाऱ्यांत टॅलीचे जे स्थान आहे, तसेच काहीसे त्याचे तेथे होते. त्याचे सुमारे चार लाख ग्राहक होते आणि ते दहा लाखांच्या आसपास संगणकांवर बसविलेले होते. कराचे नियम बदलत, तक्ते बदलत. म्हणून ही कंपनी वेळोवेळी आपल्या सॉफ्टवेअरची सुधारलेली आवृत्ती ग्राहकांकडे पाठवीत असे. तिलाच आपण सारे अपडेट म्हणतो. ग्राहकाचा संगणक कंपनीच्या सर्व्हरकडे आपण होऊन विचारणा करी आणि नवे काही असले तर ते उतरवून घेई. यात कोणाला काही वावगे दिसण्याचे कारण नव्हते. किंबहुना अपडेट वेळेवर घेणे हेच शहाण्या माणसाचे लक्षण, असे सर्वत्र शिकविले जाते, आणि ते चुकीचेही नाही.

परंतु १४ एप्रिल, १५ मे आणि २२ जून २०१७ या तारखांना जे अपडेट गेले, त्यांत कंपनीच्या नकळत एक चोरदार घातलेले होते. हल्लेखोर आधीच कंपनीच्या सर्व्हरमध्ये शिरून बसले होते. युक्रेनच्या पोलिसांनी पुढे जाहीर केले त्याप्रमाणे, त्या सर्व्हरवरील सॉफ्टवेअर २०१३ पासून अद्ययावत केलेले नव्हते, आणि कंपनीला याबद्दल पूर्वी इशारेही मिळाले होते. म्हणजे चार लाख ग्राहकांना अपडेट पुरविणाऱ्या या कंपनीने स्वतःच्या सर्व्हरला चार वर्षे अपडेट दाखविला नव्हता! ग्राहकांपैकी किती जणांनी खरेदीच्या वेळी याची चौकशी केली असेल? कोणी केली असेल असे वाटत नाही. ग्राहक सॉफ्टवेअर पाहतो. ते जेथे तयार होते त्या कारखान्याच्या दाराला कडी आहे की नाही, हे तो पाहत नाही.

या चोरदाराची रचना समजून घेण्यासारखी आहे. युक्रेनमध्ये प्रत्येक नोंदलेल्या संस्थेला सरकारकडून एक क्रमांक मिळतो, आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो भरलेला असतोच. चोरदार प्रथम हा क्रमांक वाचून घेई. त्यामुळे आपण कोणत्या बँकेच्या, कोणत्या कारखान्याच्या घरात उभे आहोत, हे हल्लेखोरांना अचूक कळे. मिळविलेली माहिती बाहेर नेण्यासाठी त्यांनी स्वतःचा वेगळा मार्ग आखला नाही. अपडेटची विचारणा करण्यासाठी ग्राहकाचा संगणक कंपनीच्या सर्व्हरकडे जो रोजचा निरोप पाठवीत असे, त्याच निरोपाच्या पोटात त्यांनी आपली चिठ्ठी दडविली. चोराने गावात अनोळखी माणूस पाठविला असता तर कोणीतरी हटकले असते. येथे चिठ्ठी नेहमीच्या पोस्टमनच्याच थैलीतून जात होती. अडीच महिने हे चालले आणि कोणाच्याही लक्षात आले नाही.

२८ जून हा युक्रेनचा संविधान दिन. त्याच्या आदल्या दिवशी याच वाटेने एक विध्वंसक प्रोग्रॅम सोडण्यात आला. पुढे तो नॉटपेट्या या नावाने कुप्रसिद्ध झाला. तो संगणकातील सारी माहिती कुलूपबंद करून पडद्यावर तीनशे डॉलरांची खंडणी मागत असे. पण ते केवळ सोंग होते. पैसे भरले तरी माहिती परत मिळण्याची सोयच त्यात ठेवलेली नव्हती. युक्रेनच्या बँका बंद पडल्या, कीव्हच्या भुयारी रेल्वेत कार्डाने पैसे घेणे थांबले, आणि चेर्नोबिलच्या जुन्या अणुकेंद्राच्या परिसरातील किरणोत्सर्गाची मोजणी माणसांना हाताने करावी लागली.

आता मर्स्कची गोष्ट. काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा येथे या कंपनीची एक कचेरी होती. तेथील एका वित्त अधिकाऱ्याने स्थानिक कराच्या कामासाठी एम.ई.डॉक हे सॉफ्टवेअर एका संगणकावर बसवून मागितले होते. फक्त एका! परंतु तो संगणक कंपनीच्या जगभर पसरलेल्या जाळ्याला जोडलेला होता. नॉटपेट्याजवळ पुढे सरकण्याची दोन साधने होती. एक, अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडून चोरीस गेलेले, विंडोजमधील एका दोषाचा फायदा घेणारे हत्यार. त्या दोषावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच पाठविला होता, पण अनेकांनी तो केलेला नव्हता. दुसरे साधन अधिक घातक होते. एखाद्या व्यवस्थापकाने कामासाठी लॉगिन केलेले असले तर त्याचा पासवर्ड संगणकाच्या स्मृतीत रेंगाळत असे. तो उचलून हा प्रोग्रॅम त्याच पासवर्डाने दुसऱ्या संगणकात शिरत असे. ज्यांनी मार्चमधील इलाज वेळेवर केला होता तेही संगणक या दुसऱ्या साधनापुढे टिकले नाहीत. एका किल्लीने शंभर कुलुपे उघडण्याची सोय आपण स्वतःच्या सुखासाठी करतो. तीच येथे उपयोगी पडली, मात्र दुसऱ्याच्या.

काही तासांत मर्स्कचे जगभरचे काम थंडावले. कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले आणि ते काम दहा दिवसांत पार पडले. त्या दहा दिवसांतील एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. कोणत्या माणसाला कोठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर पसरलेले होते. प्रत्येकाजवळ इतरांची नक्कल असल्यामुळे एक गेला तर दुसरा आहे, अशी निश्चिंती होती. सगळे एकाच दिवशी जातील ही कल्पना कोणी केलीच नव्हती. ते गेले, उरला फक्त एक. तो पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात होता, आणि वाचला याचे कारण असे की हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती व तो सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता! त्याची तबकडी इंग्लंडमधील कचेरीत पोहोचविणे भाग होते. घानातील कर्मचाऱ्यांजवळ ब्रिटनचा व्हिसा नव्हता. म्हणून एकाने ती विमानाने नायजेरियापर्यंत नेली, तेथील विमानतळावर ती दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती दिली आणि तो ती घेऊन लंडनला गेला. अब्जावधींच्या व्यापाराची पुनःस्थापना अशी एका वीजतुटीच्या आणि एका हातपिशवीच्या आधारे झाली. वीज गेली म्हणून आपण रोज बोटे मोडतो, त्या आपल्या गावांतून ही गोष्ट ऐकताना हसू आल्याशिवाय राहत नाही.

मर्स्कने आपले नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलरांच्या घरात सांगितले. औषधे बनविणारी मर्क, टपालाची टीएनटी, फ्रान्सची साँ-गोबाँ, खाद्यपदार्थांची माँडेलीझ अशा अनेक कंपन्या त्याच दिवशी होरपळल्या. अमेरिकेच्या सरकारी अंदाजाप्रमाणे एकूण नुकसान एक हजार कोटी डॉलरांच्या पुढे गेले. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिका व ब्रिटन यांनी या कृत्याचा ठपका रशियाच्या लष्करावर ठेवला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्यातील सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र दाखल केले. रशियाने हा आरोप मान्य केलेला नाही.

या सर्व प्रकरणाचा दोष ओडेसाच्या त्या अधिकाऱ्याला देता येईल काय? मला तसे वाटत नाही. देशाच्या कायद्याप्रमाणे कर भरावयाचा तर असे काही सॉफ्टवेअर घेणे प्राप्तच होते, आणि त्याने घेतलेले सॉफ्टवेअर सारा देश वापरीत होता. माझ्या मते खरा प्रश्न निवडीच्या पुढचा आहे. परक्याचे सॉफ्टवेअर घरात घेतल्यावर त्याला बसावयास जागा कोठे दिली, हा तो प्रश्न.

येथे आपल्याच एका जुन्या ग्रंथाची आठवण होते. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात व्यापाऱ्यांसंबंधी एक प्रकरण आहे. व्यापारी ही राज्याची शोभा, त्यांना मान द्यावा, बोलावून आणून वसवावे, असे अमात्य सांगतात. परंतु पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच अशा टोपीकरांची गोष्ट निराळी काढतात. हे वरकरणी सावकारी करतात, पण प्रत्येकाच्या पाठीशी एक राजा आहे. यास्तव त्यांनी यावे, व्यापार करावा आणि जावे. वखारीला जागा देणे भागच पडले तर ती समुद्राच्या किंवा खाडीच्या काठी देऊ नये. काही कोस आत, सखल ठिकाणी द्यावी, आणि पक्की इमारत बांधू देऊ नये, असा त्यांच्या सांगण्याचा आशय. अमात्यांनी व्यापार बंद करा असे म्हटले नाही. व्यापाऱ्याच्या जागेचा विचार करा असे म्हटले. ओडेसाच्या कचेरीतील ते सॉफ्टवेअर कोणत्याही जाळ्याला न जोडलेल्या, कराच्या कामापुरत्या एका स्वतंत्र संगणकावर बसविले असते, तर २७ जूनला तो एक संगणक जळाला असता, आणि न्हावा-शेवाच्या याऱ्या चालू राहिल्या असत्या.

कोणी म्हणेल, लहान कंपनी होती म्हणून असे झाले. नावाजलेल्या कंपनीचा माल घ्यावा. या म्हणण्याला २०२० साली उत्तर मिळाले. अमेरिकेतील सोलरविंड्स ही कंपनी मोठमोठ्या संस्थांच्या जाळ्यावर देखरेख ठेवणारे ओरायन नावाचे सॉफ्टवेअर विकत असे. सरकारी खाती तिची ग्राहक होती, आणि इतरांच्या सुरक्षेची चौकशी करणारी फायरआय ही कंपनीसुद्धा. त्या वर्षीच्या मार्च ते जून या काळातील अपडेटांत असेच चोरदार घातले गेले, आणि ते सुमारे अठरा हजार ग्राहकांपर्यंत पोहोचले. येथे तर हल्लेखोरांनी मूळ लिखाणाला हात न लावता, त्यावरून अंतिम प्रोग्रॅम तयार होत असतानाच त्यात आपला मजकूर मिसळला. परिणामी त्यावर कंपनीची खरीखुरी डिजिटल सही उमटली. सही तपासणाऱ्याला ती खरीच आढळली. पत्र अमुक घरातून आले एवढे सही सांगते. त्या घरात बसून ते कोणी लिहिले, हे ती सांगत नाही. चोरदार घरात शिरल्यावर सुमारे दोन आठवडे स्वस्थ पडून राही आणि मग कामाला लागे. फायरआयच्या एका कर्मचाऱ्याच्या नावावर एक अनोळखी फोन नोंदला गेल्याचे कोणी तरी चिकाटीने तपासले, म्हणून डिसेंबरमध्ये सारे उघडकीस आले. देखरेखीच्या सॉफ्टवेअरला घरातील प्रत्येक खोली पाहावी लागते, म्हणून त्याच्याजवळ प्रत्येक खोलीची किल्ली दिलेली असते. ओरायनला वखार दिली होती ती ऐन खाडीच्या मुखाशी.

या शक्यतेची जाणीव तज्ज्ञांना नव्हती असे नाही. युनिक्स प्रणालीच्या जनकांपैकी एक असलेले केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पारितोषिकाच्या निमित्ताने केलेले भाषण १९८४ साली प्रसिद्ध झाले. प्रोग्रॅमचे मूळ लिखाण अक्षर न् अक्षर तपासून निर्दोष ठरले, तरी त्याचे भाषांतर यंत्राच्या भाषेत करणारा प्रोग्रॅमच फितूर असेल तर काय कराल, असा प्रश्न त्यांनी त्यात केला होता. जे आपण स्वतः लिहिलेले नाही, त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. पण सारे काही स्वतः लिहिणे कोणाला शक्य आहे?

आणि घात करावयाला दर वेळी शत्रूच पाहिजे असेही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच एका सदोष अपडेटमुळे जगभर सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले, आणि हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

त्याच महिन्याच्या अखेरीस संकट आपल्या अगदी दाराशी आले. देशातील अनेक सहकारी व प्रादेशिक ग्रामीण बँकांचे संगणक-काम सी-एज टेक्नॉलॉजीज ही कंपनी पाहते. तिच्या सर्व्हरांवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. तो पुढे पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक निगमाने तिला पैशांच्या देवघेवीच्या जाळ्यातून काही काळ वेगळे काढले. त्याबरोबर सुमारे तीनशे लहान बँकांच्या खातेदारांचे फोनवरून पैसे पाठविणे आणि एटीएममधून पैसे काढणे अडले. १ ऑगस्ट रोजी व्यवहार पूर्ववत झाले. एका सुरक्षा-संशोधक कंपनीच्या अहवालाप्रमाणे मूळ छिद्र सी-एजकडे नव्हतेच. तिच्याशी व्यवहार असलेल्या तिसऱ्याच एका कंपनीच्या सर्व्हरच्या रचनेत ते राहिले होते. खेड्यातील खातेदाराने यांपैकी एकाही कंपनीचे नाव ऐकलेले नसणार. त्याने आपल्या बँकेच्या दाराशी उभे राहून व्यवस्थापकालाच जाब विचारला असेल, आणि ते योग्यही होते. रिझर्व्ह बँकेने १० एप्रिल २०२३ रोजी काढलेल्या आदेशात हेच तत्त्व आहे: संगणकाचे काम दुसऱ्याकडे सोपविले तरी ग्राहकाविषयीची जबाबदारी बँकेचीच राहते. हा आदेश व्यापारी बँकांना आणि मोठ्या नागरी सहकारी बँकांना लागू आहे. लहान पतसंस्था मात्र त्याच्या कक्षेत येत नाहीत, आणि सीमाभागात काय किंवा इंदूर-बडोद्यास काय, आपल्या लोकांची पुंजी पुष्कळदा असल्याच संस्थांत असते.

अशा संस्थेत सॉफ्टवेअर कसे घेतले जाते? तीन दरपत्रके मागवितात, त्यांची तुलना करतात, आणि सर्वांत कमी दराचे मंजूर करतात. दराचा रकाना असतो, मुदतीचा असतो, सुरक्षेचा नसतो. पुढे सॉफ्टवेअर अडले की विक्रेत्याच्या कचेरीतील मुलगा फोनवर पासवर्ड विचारतो, आणि कारकून तो सांगून मोकळा होतो. त्या दरपत्रकांशेजारी चिटणिसांनी आणखी काही प्रश्न लिहून ठेवले तर काही बिघडणार नाही. आमच्या सर्व्हरमध्ये तुमच्यापैकी कोण व केव्हा शिरू शकतो, आणि तो शिरल्याची नोंद आमच्याकडे राहते का? तुमच्या सर्व ग्राहकांना एकच पासवर्ड चालतो काय? नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा प्रवेश किती दिवसांत बंद होतो? तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या कोणाकोणाचे भाग आहेत, याची यादी द्याल का? भारत सरकारच्या सर्ट-इन संस्थेने अशा याद्यांविषयी ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शनही प्रसिद्ध केले आहे. तुमच्याकडे चोरी झाली तर आम्हांला किती तासांत कळवाल? सरकारला सहा तासांत कळविण्याचे बंधन एप्रिल २०२२ च्या आदेशाने आहे. ग्राहकाला कळविण्याचे कलम करारात आपणच घालून घ्यावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे, बॅकअपची एक प्रत जाळ्यापासून तोडून ठेवलेली आहे का? घानासारखी वीज ऐन वेळी जाईल, अशा भरवशावर राहता येत नाही.

विमा उतरविला आहे, असे सांगून काही जण निश्चिंत असतात. मर्क कंपनीनेही उतरविला होता. तिने सुमारे १४० कोटी डॉलरांचे नुकसान मागितले, तेव्हा विमा कंपन्यांनी हे युद्धकृत्य आहे, आणि युद्धाचे नुकसान पॉलिसीत बसत नाही, असे म्हणून हात झटकले. न्यू जर्सीच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये, आणि वरच्या न्यायालयाने मे २०२३ मध्ये, निकाल मर्कच्या बाजूने दिला. जानेवारी २०२४ मध्ये उभयपक्षी तडजोड झाली. परंतु तोपर्यंत विमेवाल्यांनी आपली भाषा बदलली होती. लंडनच्या लॉइड्स बाजाराने ३१ मार्च २०२३ पासून सुरू होणाऱ्या किंवा नूतनीकरण होणाऱ्या अशा पॉलिसींत, परकीय सरकारच्या पाठबळाने झालेले संगणक-हल्ले वगळणारे कलम घालण्याचे आपल्या सदस्यांना बंधन केले आहे. ज्या संस्थांजवळ अशी पॉलिसी आहे, त्यांनी ती पुन्हा एकदा काढून हे कलम आपल्याकडे कोणत्या शब्दांत आले आहे, ते वाचून पाहावे.